जुवाखालची मान : नीराकाठच्या ऊसगाडीचा, तिच्या टेकूचा आणि तिसऱ्या चाकाचा इतिहास

१/
बैलगाडीचा इतिहास सांगताना बहुधा चाकाचाच इतिहास सांगितला जातो. भरीव चाक, आऱ्यांचे चाक, लोखंडी धाव, रबरी टायर अशी ती चढती कमान असते. गाडी जिथे बैलाला टेकते त्या जागेचा, म्हणजे जुवाचा आणि त्याखालच्या मानेचा इतिहास मात्र क्वचितच कुणी लिहितो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात आणि त्याच्या शेजारी तो १८३६ पासून आजच्या गळीत हंगामापर्यंत जवळजवळ सलग वाचता येतो. हा धागा त्या मानेविषयी.

२/
वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरचे गाव. हंगामात या रस्त्याने सोमेश्वरनगरच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्या जातात. गाडी थांबली की गाडीवान प्रथम एक काम करतो. बैल जुवाखाली उभे असतानाच तो दांडीखाली एक लाकडी किंवा लोखंडी टेकू उभा करतो आणि मगच बैल सोडतो. काही भागांत या टेकूला ‘शिपाई’ म्हणतात. नाव अगदी नेमके आहे. बैल विश्रांतीला गेले की त्यांच्या जागी हा पहाऱ्यावर उभा राहतो. त्याची उंची बैलाच्या मानेइतकी असावी लागते. तो आखूड पडला तर गाडी पुढे झुकते आणि पुन्हा जुंपताना भरल्या गाडीचे तोंड माणसांना उचलावे लागते.

३/
आता यामागचे गणित, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. दोन चाकांची गाडी म्हणजे आखावर टेकलेला तराजू. भार आखाच्या मागे गेला की गाडी ‘उलाळते’, जू वर उचलले जाते आणि जुवाच्या दोऱ्या बैलाच्या गळ्याला काचतात. भार पुढे आला की जू मानेवर दाबते. म्हणून गाडी भरणारा जाणता माणूस वजन आखाच्या किंचित पुढे ठेवतो. जू मानेवर बसून राहील एवढाच दाब हवा, त्याहून अधिक नको.

४/
‘किंचित’ म्हणजे किती, हे एका उदाहरणाने पाहावे. गाडीसह भार २ टन, आखापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मीटर आणि भाराचा मध्य आखाच्या १५ सेंटिमीटर पुढे, असे धरले तर जुवावर १०० किलो येतात. प्रत्येक बैलाच्या वाट्याला ५०. तोच मध्य आणखी एक वीत पुढे सरकला की ही रक्कम दुपटीहून अधिक होते. रस्त्याला साधारण ५ अंशांचा उतार लागला आणि भाराचा मध्य आखाच्या मीटरभर वर असेल, तर उतारामुळे आणखी सुमारे ६० किलो पुढे येतात. उंच रचलेली गाडी उतारावर बैलांना खाली दाबते ती अशी. बैल दोन वेगवेगळी कामे करतो : गाडी ओढणे आणि गाडीचा काही भाग मानेवर तोलून धरणे. चाक सुधारले की पहिले काम हलके होते. दुसऱ्याचा चाकाशी संबंध नाही.

५/
मागे वळून पाहायचे तर इंग्रजी अमलाच्या पहिल्या दशकांतले इंदापूर डोळ्यांपुढे आणावे लागेल. प्रिंगल यांच्या मोजणीवर आधारलेला सारा या कोरडवाहू तालुक्याला पेलला नाही. जमिनी पडीक पडल्या, माणसे गाव सोडून गेली. तेव्हा गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इथे नव्याने पाहणी केली. १८३६ मध्ये इंदापुरात लागू झालेली ३० वर्षांची जमाबंदी पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा नमुना ठरली. इतिहासाच्या पुस्तकांत इंदापूर भेटते ते बहुतेक या एका संदर्भात.

६/
त्याच मंडळींच्या वर्तुळात आणखी एक गोष्ट घडली, जी पुस्तकांत तळटीपेपुरती उरते. धान्य पिकवून ते बाजारात न्यायचे कशाने? देशावर माल वाहत होते ते लमाण-वंजाऱ्यांचे तांडे, बैलाच्या पाठीवर गोणी लादून. गाड्या होत्या, पण थोड्या आणि बोजड; दगडाच्या किंवा जाड लाकडाच्या भरीव चाकांच्या. शेताच्या आसपास खत, दगड वाहण्यापुरता त्यांचा उपयोग. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहतुकीला खुला झाला होता. रस्ता तयार होता, त्यावरून लांब पल्ला गाठेल अशी गाडी नव्हती.

७/
लेफ्टनंट गेसफर्ड या तोफखान्यातील अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली टेंभुर्णीला गाड्या बनवण्याचा कारखाना निघाला तो याच सुमारास, १८३६ च्या आसपास. टेंभुर्णी म्हणजे इंदापूरकडून भीमा ओलांडली की पुणे-सोलापूर वाटेवर लागणारे गाव. तोफा ओढण्याचे शास्त्र ठाऊक असलेल्या माणसाने शेतकऱ्याची गाडी घडवायला घ्यावी, यात एक तर्क आहे. तोफेचा गाडाही दोन चाकांवर तोललेलाच असतो. आऱ्यांची हलकी चाके, लोखंडी धाव, कुणब्याला परवडेल अशी बांधणी. गावोगावच्या सुतार-लोहारांच्या हाती हा घाट आला आणि पसरला. ३० वर्षांनी, १८६७ मध्ये इंदापूरची फेरपाहणी झाली तेव्हा तालुक्यातील गाड्यांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली आढळली.

८/
भीमथडीच्या तट्टांना मराठ्यांच्या इतिहासात मानाचे पान आहे. याच मुलखातल्या बैलांना ते मिळाले नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे. पाठीवरची गोणी उतरली आणि बैल गाडीला जुंपला गेला तेव्हा त्याचे जगणे मुळापासून बदलले. पाठीवर होता तो सारा भार त्याचा होता. गाडीत त्यातला बहुतांश चाकांवर गेला. हा खरा दिलासा होता. पण तोवर ओझ्याची मर्यादा बैलाची पाठच ठरवीत असे. आता ती गाडीचा साटा ठरवू लागला.

९/
पुढचा बदल पाण्याने आला. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. भाटघरचे धरण १८९२ पर्यंत पुरे झाले. पुरंदर, बारामती, इंदापूर असा कालव्याखालचा पट्टा हळूहळू बागायती झाला. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात ऊस उभा राहिला. या पहिल्या पिढीतल्या उसाचा मात्र गूळ होत असे.

१०/
गुळाचा आणि उसाचा फरक गाडीच्या दृष्टीने फार मोठा आहे आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. गुऱ्हाळ शेतातच किंवा बांधालगत असे, म्हणजे ऊस थोडेच अंतर जाई. लांबच्या बाजारपेठेला जाई ती गुळाची ढेप. ढेप लहान आणि वजनदार. ती उचलून नेमकी आखावर ठेवता येते. गाडी पुढे जड वाटली तर दोन ढेपा मागे सरकवल्या की काम झाले. उसाच्या मोळीचे तसे नाही. ती लांब, जागा खाणारी, निसरडी. टनभर ऊस म्हणजे उंच रास. एकदा रचून दोरखंडाने आवळली की वाटेत तिचा तोल सुधारता येत नाही, आणि खाचखळग्यांतून जाताना ती स्वतःच सरकते. गुळाकडून साखरेकडे झालेला प्रवास हा मानेच्या दृष्टीने आटोपशीर ओझ्याकडून बेशिस्त ओझ्याकडे झालेला प्रवास होता.

११/
तो प्रवास १९३० च्या दशकात सुरू झाला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर उभारले. १९३२ मध्ये नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि एकरी उतारा वाढवणारे वाण शेतात येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर, १९५० आणि १९६० च्या दशकांत सहकाराची लाट आली : भवानीनगरचा छत्रपती, शिवनगरचा माळेगाव, सोमेश्वरनगरचा सोमेश्वर. आता ऊस बांधावरच्या गुऱ्हाळात न थांबता काही किलोमीटरवरच्या गव्हाणीपर्यंत जाऊ लागला, आणि तोडल्यावर शक्य तितक्या लवकर. कारण तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतरते.

१२/
याच काळात चाक पुन्हा बदलले. डनलप कंपनीने १९३० च्या दशकापासून बैलगाडीसाठी हवेचे टायर भारतात आणले आणि ‘डनलप गाडी’ हा शब्दच मराठीत रुळला. लहान, रुंद, हवा भरलेले चाक, आखाला बेअरिंग, वर सपाट साटा. लोखंडी धावेचे चाक मऊ मातीत रुतते. टायर तरंगत जातो. तेच बैल, तोच रस्ता, पण ओढ कितीतरी हलकी. कारखान्यांनी ही गाडी उचलून धरली. ऊसतोड मजुरांच्या बोलीत ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’ असे दोन वेगळे प्रकार झाले : पहिल्यात मजुराची स्वतःची गाडी, दुसऱ्यात बैल मजुराचे आणि टायरची गाडी कारखान्याची.

१३/
आणि इथे या इतिहासातली खरी अडचण उभी राहते. टायरमुळे जे श्रम वाचले ते बैलाला मिळाले नाहीत. ते मोळ्यांत रूपांतरित झाले. जी जोडी लोखंडी धावेच्या गाडीत एक राशी ओढत होती, तीच टायरवर त्याहून कितीतरी उंच रास ओढू लागली. ओढ पूर्वीइतकीच राहिली असेल, पण मानेवरचा भार ओझ्याच्या प्रमाणात वाढला. कारण ओझ्याचा जो हिस्सा जुवावर येतो त्याला टायर काही करू शकत नाही.

१४/
यात गाडीवानाला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि शहरातून पाहणारे ते सहज करतात. तो बहुधा बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) अशा दुष्काळी भागांतून दसऱ्यानंतर आलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. मजुरी टनावर मिळते, खेपेवर किंवा तासावर नाही. पहाटे तोडायचे, मोळ्या बांधायच्या, भरायच्या, कारखान्याच्या काट्यावर रांगेत थांबायचे आणि रात्री कोपीवर परतायचे. एका दिवसात दुसरी खेप होण्याची शाश्वती नसेल तर पहिल्याच खेपेत जास्तीत जास्त भरणे हा त्याचा हिशोब असतो. बैल ही त्याच्या घरातली सर्वांत महाग वस्तू असते. ती तो हौसेने झिजवीत नाही.

१५/
झीज कुठे होते हे पशुवैद्य सांगतात आणि शेतकरीही. तिला ‘खांदेसूज’ म्हणतात. वशिंडाच्या पुढे, जिथे जू टेकते, तिथली कातडी आधी घासते, मग सुजते, पुढे जखम होऊन चिघळते. एक बैल उंच आणि एक ठेंगणा असेल तर एकाच खांद्यावर अधिक भार येतो. जू खडबडीत असेल, पावसात भिजून फुगले असेल तर आणखी त्रास. बेंदूर किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि लोणी किंवा तूप लावून बैलांचे खांदे चोळायची जी रीत आहे, तिचे नावच ‘खांदेमळणी’. सणाच्या विधींत एका विशिष्ट अवयवाला एवढे स्थान मिळते, तेव्हा त्या अवयवाने वर्षभर काय सोसले असेल याची समाजाला पुरती जाण होती असेच म्हणावे लागते.

१६/
कायद्यालाही जाण होती, पण वेगळ्या जागेची. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा अधिक जुंपू नये, सलग ५ तासांपेक्षा अधिक नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम घेऊ नये. ओझ्याची कमाल मर्यादा बैलाच्या आकारावर आणि चाकाच्या प्रकारावर ठरवली, आणि टायरच्या गाडीला साध्या चाकापेक्षा अधिक ओझे मंजूर केले. ओढीच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. मर्यादा मात्र एकूण भाराची आहे. तो भार आखावर किती आणि मानेवर किती, हे त्या तक्त्यातून कळत नाही. एकाच वजनाच्या दोन गाड्या, एक नीट तोललेली आणि एक पुढे झुकलेली, नियमाच्या नजरेत सारख्याच.

१७/
हा प्रश्न जगात इतरत्र कसा सुटला, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेत मोटारीमागे जोडलेले फिरते घर, ट्रेलर, ओढण्याची मोठी हौस आहे. तोही एक प्रकारे दोन चाकांचा, तोललेला गाडाच. त्याच्या दांडीचा भार मोटारीच्या मागच्या टोकावर पडतो. तिथला सर्वमान्य ठोकताळा असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा झुलू लागतो, आणि फार अधिक असेल तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू आणि ब्रेक यांची पकड सुटते.

१८/
त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे भार वाटणारी जोडणी. दांडीच्या दोन बाजूंना पोलादी पट्ट्या ताणून बसवतात. त्या स्प्रिंगसारख्या काम करतात आणि मागच्या टोकावरचा दाब काही मोटारीच्या पुढच्या चाकांकडे, काही ट्रेलरच्या आखाकडे ढकलतात. मोटार सोडली की दांडीखाली जॅक लावायचा. जॅक म्हणजे तिथला शिपाईच, फक्त दांड्याने फिरवून वर-खाली होणारा. जॅक निवडताना तो दांडीवरचा भार निवांत पेलेल ना आणि पुरेसा उंच उठेल ना, हेच तिथेही पाहतात.

१९/
ही जोडणी बैलगाडीला लावता येईल का? नाही, आणि कारण सोपे आहे. मोटारीला दोन आख आहेत, म्हणून एका आखावरचा भार दुसऱ्याकडे नेता येतो. बैलाचे जू मानेवर फक्त टेकलेले असते, तिथे घट्ट सांधा नाही. पट्टी ताणून भार ढकलायचा तर कुणाकडे? बैलाच्या पाठीकडे ढकलता येत नाही, आणि येत असता तरी तो बैलाचाच राहिला असता. म्हणजे उपाय दोनच उरतात : भार आखाकडे मागे घ्यायचा, नाही तर दांडीखाली आणखी एक चाक द्यायचे.

२०/
बैलगाडीच्या सुधारणेचा विषय देशपातळीवर लावून धरणारे पहिले मोठे नाव म्हणजे बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संस्थापक संचालक एन. एस. रामस्वामी. जनावरांची शक्ती ही देशाच्या ऊर्जेचा भाग आहे आणि तिची यंत्रसामग्री शतकानुशतके तशीच पडून आहे, हे ते सातत्याने मांडत राहिले. ट्रॅक्टर विकत घेणे हीच प्रगती मानणाऱ्या काळात हे बोलणे अनेकांना कालबाह्य वाटले. ऊसपट्ट्यातल्या गाडीवानाला ते तसे वाटले नसते.

२१/
नंतरचे पाऊल सांगली जिल्ह्यात पडले. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ऊसगाडीसाठी फिरता आधार बनवला : दोन बैलांच्या मधे, दांडीखाली एक लहान चाक. नाव ‘सारथी’. २०२२ च्या जुलैत त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर देशभर फिरले. महाविद्यालय ऊसपट्ट्यातच वसलेले. विद्यार्थ्यांना विषय शोधायला दूर जावे लागले नसणार. १८३६ नंतर चाकात झालेल्या सुधारणा मोजाव्यात तेवढ्या थोड्या, पण मानेसाठी बसवलेले हे चाक त्या सगळ्यांहून वेगळे, कारण त्याचा हेतू ओढ कमी करणे हा नाही.

२२/
कौतुक योग्यच होते, पण छायाचित्रात न दिसणारे प्रश्नही आहेत. आधाराची उंची त्या विशिष्ट जोडीच्या खांद्याशी जुळावी लागते. चाक फार खाली उतरवले तर सारा पुढचा भार तेच घेते आणि उंचवट्यावर जू मानेवरून उचलले जाऊन गळा आवळतो. गाडी उलाळल्यावर होते तेच. फार वर ठेवले तर ते नुसते लटकते. शेतातल्या मऊ सरीत लहान चाक रुतते, म्हणून फडातून बाहेर पडेपर्यंत ते वर उचलून धरता आले पाहिजे. वळणावर ते मोकळे फिरले पाहिजे, नाहीतर दांडीला पीळ बसतो. म्हणजे त्यात जॅकचाही गुण हवा आणि चाकाचाही. गाडी उभी असताना तेच टेकूचे काम करू शकते, हा त्याचा न बोलला गेलेला फायदा.

२३/
एक शंका इतिहासच उपस्थित करतो. धाव आली, ओझे वाढले. टायर आला, ओझे पुन्हा वाढले. मानेवरचा भार हलका झाला तर ती जागा आणखी चार मोळ्या भरून काढणार नाहीत कशावरून? मजुरी टनावर आणि उचल डोक्यावर असेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर सुताराच्या किंवा अभियंत्याच्या हाती पूर्णपणे येत नाही.

२४/
दरम्यान रस्त्यावरचे चित्रही बदलते आहे. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या आहेत, लहान ट्रॅक्टरला जोडलेले सुटसुटीत गाडे आहेत, ऊस तोडणारी यंत्रे आहेत. तरीही हंगामात कारखान्याच्या आवारात बैलगाड्यांची वेगळी रांग लागते. काटा येईपर्यंत तासन् तास जातात. रास तशीच आवळलेली, दांडी टेकूवर, बैल बाजूला वाढे खात बसलेले. नंबर जवळ आला की गाडीवान बैल पुन्हा जुवाखाली आणतो, दोऱ्या बांधतो, जू मानेवर नीट बसले की नाही ते हाताने चाचपतो, आणि मग वाकून टेकू काढून घेतो.